पहाटे कोळंबी काठाला येते आणि मीटर मात्र ४.५ दाखवतो

तक्रार बहुतेक अशी असते. व्हनामी जातीच्या कोळंबीचा तलाव, दोन-अडीच महिन्यांचा. दिवसभर सगळं ठीक. पाण्याचा रंग हिरवट तपकिरी, दुपारचे चेक ट्रे (खाद्य खाल्लं का ते बघायचे) साफ, कोळंबी चपळ. पहाटे साडेचारला बांधावरून टॉर्च मारला की काठाकाठाने लालसर डोळ्यांची रांग चमकते. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी पात्यांची यंत्रं, चालू आहेत. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, मोजणारा मीटर बुडवला तर ४.५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). ऊन वर आलं की आठपर्यंत सगळी कोळंबी खाली, जणू काही झालंच नाही. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच, आणि मधूनच ट्रेमध्ये मऊ कवचाच्या चार-पाच मेलेल्या. मग कोणी म्हणतं रोग आलाय, कोणी म्हणतं खनिजं कमी पडतायत, आणि बांधावरच्या खोलीत औषधांचे डबे वाढत जातात.

मी स्वतः एक अख्खा हंगाम असा घालवलाय. चूक कोणाची नव्हती, माझीच होती. मीटरच्या प्रोबची, म्हणजे पाण्यात बुडवायच्या टोकाची, केबल चांगली तीन मीटर होती आणि मी ती वीतभर पाण्यात सोडून आकडा वहीत लिहीत होतो. कोळंबी जिथे राहते तिथलं पाणी मी मोजलंच नव्हतं.

आत्ता वर दिसत असेल तर

बंद असतील ते सगळे एरेटर लावा. सकाळचं खाद्य रद्द करा, अर्धं नव्हे, पूर्ण. साठवण तलावात चांगलं पाणी असेल तर पंपाने वरून पडेल असं आत घ्या, आणि ते काठावर जिथे कोळंबी जमलीय तिथेच पडू द्या. तळ ढवळेल असं काहीही करू नका. जाळं टाकून ‘बघू तरी’ म्हणायचा मोह होतो, तो आवरा. घाबरलेली कोळंबी शेपटीच्या जोरावर उड्या मारते आणि त्या उड्यांपुरताही ऑक्सिजन या वेळी तिच्याकडे नसतो. चुना, मोलॅसिस (उसाची मळी), प्रोबायोटिक यातलं काही या घडीला पाण्यात पडता कामा नये.

उजाडून दोन-तीन तास झाले, तळाचा डीओ ४ च्या वर गेला, की मग कारण शोधायला लागा.

तिच्या शरीरात काय चाललेलं असतं

मासा तोंड वर काढून श्वास घेताना दिसतो, म्हणून कोळंबीकडूनही आपण तशीच खूण अपेक्षित धरतो. तिचं तसं नाही. तिचे कल्ले डोक्याच्या कवचाखाली दोन्ही बाजूंना झाकलेले असतात आणि तिथे पानासारखा एक छोटा अवयव वल्ह्यासारखा हलत पाणी खेचत राहतो. ऑक्सिजन उतरू लागला की सगळ्यात आधी हे वल्हं वेग घेतं. पारदर्शक भांड्यात एक कोळंबी घेऊन कवचाच्या पुढच्या कडेला बारकाईने बघितलंत तर ती फडफड दिसते. बांधावरून मात्र या टप्प्यावर काहीच दिसत नाही. कोळंबी तळाशी असते, निवांत वाटते.

तिच्या रक्तात आपल्यासारखं लोह नसतं. तिथे हिमोसायनिन असतं, तांब्याचं. ऑक्सिजन धरला की ते निळसर होतं, सोडला की जवळपास रंगहीन. वल्हं जोरात चालवून ती रक्तातला पुरवठा बराच वेळ टिकवते, पण यालाही मर्यादा आहे. ती मर्यादा ओलांडली की पाण्यात जितका ऑक्सिजन, तितकंच तिचं चलनवलन.

मग ती खर्च कमी करते, आणि पहिला खर्च कापते तो खाण्याचा. पचनालाच भरपूर ऑक्सिजन लागतो, त्यामुळे पोट भरून बसणं तिला परवडत नाही. इथे तुम्हाला पहिली खूण मिळते, आणि ती काठावर नसते, ट्रेमध्ये असते. माझ्या तलावात संध्याकाळचे ट्रे चाटूनपुसून साफ असायचे आणि सकाळी सहाच्या ट्रेत मूठ-दीड मूठ खाद्य फुगून पडलेलं असायचं. मी ते ‘सकाळी थंडावा असतो, कमी खाते’ म्हणून सोडून देत होतो. कोळंबी काठावर दिसायला लागली त्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून हे चाललं होतं. वहीत नोंद होती, मी वाचली नव्हती एवढंच.

त्याच्याही खाली ऑक्सिजन गेला की ती तळ सोडते. वर येते, एरेटरच्या प्रवाहात किंवा काठाच्या उथळ पाण्यात थांबते. तोवर शरीर ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढायला लागलेलं असतं. साठवलेली साखर मोडायची, त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होणार, आणि हाती लागणारी ऊर्जा नेहमीच्या मानाने दहा-पंधरा पटींनी कमी. शेपटीचा पारदर्शक मांसल भाग अशा वेळी दुधाळ दिसायला लागतो. ताण थोडक्यात आटोपला तर हा पांढरेपणा उतरतो. लांबला तर शेपटीच्या टोकाचं मांस मरतं आणि मग ती कोळंबी सावरत नाही.

ढोबळ आकडे असे धरा. तळाशी ४ च्या वर राहिला तर काळजी नाही. रोज रात्री ३ च्या खाली जात असेल तर वाढ मंदावते आणि एफसीआर (किलोभर वाढीला लागणारं खाद्य) बिघडतो, भले एकही कोळंबी वर येवो न येवो. २ च्या खाली खाणं जवळपास थांबतं. १ च्या आसपास काही तास राहिला तर मर ठरलेली. पाणी जितकं गरम तितकी तिची गरज जास्त, त्यामुळे उकाड्याच्या रात्री हेच आकडे अजून कडक धरायचे.

आणि सकाळी खाली गेली म्हणजे सुटली असंही नाही. अशा रात्रीनंतर रक्तातल्या संरक्षक पेशी कमी होतात, जिवाणू गिळण्याची त्यांची ताकदही उतरते. व्हिब्रिओ जिवाणू तर तलावात कायमच असतात, त्यांना एवढी फट पुरते. म्हणून खराब रात्र एका दिवशी आणि मेलेल्या कोळंबी नंतरच्या दोन-तीन दिवसांत, असं दिसतं, आणि आपण दोन्हींचा संबंध लावत नाही.

मीटर खोटं का सांगतो

पहिलं म्हणजे जागा. प्रोब तळापासून वीतभर वर धरा, बांधाजवळ नव्हे, आत जाऊन. एरेटरच्या फवाऱ्यात घेतलेला आकडा एरेटरबद्दल सांगतो, तलावाबद्दल नाही. सगळ्यात वाईट जागा बहुधा तलावाच्या मध्यभागी असते, जिथे प्रवाहाने गाळ गोळा होतो, नाहीतर प्रवाह पोचत नाही त्या कोपऱ्यात. लांब बांबूला प्रोब बांधून मी काम भागवलं. पहिल्याच पहाटे पृष्ठभागाला ४.४ आणि मध्यभागी तळाला २.१ आला. नंतर आठवडाभर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहीत गेलो, आणि एकाही पहाटे ते जुळले नाहीत.

दुसरं म्हणजे क्षारता, आणि ही चूक फार जणांची होते. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. ३० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात साधारण ७.५ पीपीएम मावतो, २५ पीपीटीच्या (हजार भागांत २५ भाग क्षार) पाण्यात ६.६ च्या आसपास. मीटरमध्ये क्षारता भरलीच नसेल, ती शून्यावर राहिली असेल, तर मीटर गोडं पाणी समजून हिशोब करतो आणि सुमारे १५ टक्के जास्त दाखवतो. म्हणजे तुमचा ४.५ हा खरा ३.९ असतो, आणि तोही पृष्ठभागाचा. मीटरवर टक्केवारीचा आकडा असेल तर त्यावर क्षारतेचा परिणाम होत नाही. शंका आली की तो बघा.

पडद्याचा प्रोब असेल तर तो पाण्यात हलता ठेवावा लागतो, कारण तो स्वतःच ऑक्सिजन खातो. स्थिर धरला तर आकडा खाली घसरत जातो. ऑप्टिकल प्रोबला ही कटकट नाही. पडद्याखाली बुडबुडा अडकला असेल तर दोष शोधत बसू नका, पडदा बदला.

तिसरं म्हणजे वेळ. सकाळी सातचा आकडा काही कामाचा नाही, तोवर सूर्याने निम्मं काम केलेलं असतं. तळ गाठला जातो तो उजाडण्याच्या जरा आधी. पण रोज पहाटे चारला उठणं कोणाला जमत नाही, म्हणून एक सोपी युक्ती. अंधार पडल्यावर एकदा मोजा, तीन तासांनी पुन्हा मोजा, आणि तीच उतरण पहाटेपर्यंत सरळ ओढा. समजा संध्याकाळी ७ ला ७.२ होता, रात्री १० ला ५.९. तीन तासांत १.३ गेला, तासाला जवळपास ०.४३. पहाटे पाचपर्यंत अजून सात तास, म्हणजे आणखी ३ जाणार आणि हातात राहणार २.९. हे तुम्हाला रात्री दहालाच कळलेलं असतं. एरेटर मध्येच वाढवले तर अर्थात उतरण बदलते, पण इशारा म्हणून हे पुष्कळ झालं.

ऑक्सिजन खातं कोण

कोळंबी नव्हे, निदान मुख्यतः तरी नव्हे. रात्रीचा बराचसा ऑक्सिजन पाण्यातलं प्लँक्टन (तरंगते सूक्ष्म जीव), जिवाणू आणि तळाचा गाळ मिळून संपवतात. दिवसा हेच प्लँक्टन ऑक्सिजन तयार करतं, त्यामुळे दुपारी ९-१० पीपीएम बघून आपण खूश होतो. खरं तर दुपारचा फार मोठा आकडा हीच शंकेची गोष्ट. ब्लूम, म्हणजे पाण्याला रंग देणारी प्लँक्टनची वाढ, दाट झालाय आणि रात्री तेवढाच खाणार आहे. सेकी डिस्क (पाण्याचा पारदर्शकपणा बघायला सोडायची चकती) ३० ते ४५ सेंटिमीटरवर दिसेनाशी होत असेल तर बरं. २५ च्या आत जात असेल तर रात्र जड जाणार.

या ब्लूमला खत कोण घालतं? आपणच. एक हिशोब करून बघा. चार हजार चौरस मीटरचा तलाव, १.२ मीटर खोल, म्हणजे ४,८०० घनमीटर पाणी. ६ पीपीएमने त्यात ऑक्सिजन किती? फक्त २९ किलो. आणि एक किलो खाद्य तलावात पचून, कुजून संपायला ढोबळमानाने किलोभर ऑक्सिजन लागतो. दिवसाला ६० किलो खाद्य टाकणाऱ्याने हे दोन आकडे एकदा समोरासमोर ठेवावेत.

एरेटरचंही तसंच. १ एचपीला ४०० ते ५०० किलो कोळंबी हा नेहमीचा अंदाज. दीड लाखाच्या वर बीज टाकलं, १,३६,००० जगली असं धरू. ८ ग्रॅमची असताना ती ११०० किलो भरते, चार एचपी आरामात पुरतात. तीच १८ ग्रॅमची झाली की २,४५० किलो. एरेटर मात्र तेवढेच. ‘सुरुवातीला सगळं छान होतं’ ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकलीय की आता मी पहिला प्रश्न वजनाचाच विचारतो.

आहेत ते एरेटर तरी पूर्ण काम करतायत का, हे हात लावून बघावं लागतं. पात्यांवर शिंपले-बार्नेकल चिकटले, फ्लोट एका बाजूला कलला, पाती एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला हवेतच फिरतायत, रात्री व्होल्टेज उतरून मोटर हळू झाली. आवाज चालूच असतो, त्यामुळे खोलीत झोपलेल्याला सगळं ठीकच वाटतं. पाती साधारण ८ ते १० सेंटिमीटर बुडालेली असावीत. जास्त बुडाली की मोटर तापते आणि पाणी नीट उडत नाही. सगळ्यांचे प्रवाह एकाच दिशेने गोल फिरतील असे मांडा. समोरासमोर लावले की मधलं पाणी जागेवरच राहतं.

दुपारी डीओ खूप वर असताना एरेटर चालवला तर ऑक्सिजन हवेत जातो, हे खरं. तरीही मी दुपारी तास-दोन तास दोन एरेटर चालवतो, कारण वरचा ऑक्सिजन तळाला पोचवायची तीच वेळ असते.

रोजचं नसेल, अधूनमधून असेल तर

पाऊस पडून गेल्यावर कोळंबी वर आली, तर कारण वेगळं. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं बसतं. खालचं पाणी हवेपासून तुटतं, वर ढग असल्यामुळे प्लँक्टनही काम करत नाही. पृष्ठभागाचा डीओ अशा वेळी उत्तम दिसतो. पाऊस चालू असतानाच एरेटर लावा आणि गेटच्या वरच्या फळ्या काढून वरचं गोडं पाणी वाहू द्या. पाऊस थांबेपर्यंत वाट बघितली तर थर बसलेला असतो.

पाण्याचा रंग एका रात्रीत उडाला, फेस आला, पाणी करडं किंवा अचानक नितळ दिसलं, आणि भर उन्हातही डीओ चढत नाही, तर ब्लूम मेलाय. मेलेलं प्लँक्टन कुजताना दिवसासुद्धा ऑक्सिजन खातं. एरेटर चोवीस तास, खाद्य निम्म्याहून कमी, शक्य असेल तर थोडं पाणी बदलणं, आणि नवा रंग येईपर्यंत हेच. ब्लूम दाट झाला म्हणून औषध टाकून मारणाऱ्यांना हे दृश्य स्वतःच्या हाताने बघायला मिळतं.

मेलेल्या जवळजवळ सगळ्या मऊ कवचाच्या असतील तर मोल्टचे दिवस बघा. कवच टाकायच्या सुमारास तिची ऑक्सिजनची गरज वाढते, आणि नेमकं कवचातून निघताना कल्ल्यांवर पाणी खेचणारं ते वल्हंही विस्कळीत होतं, कारण त्याचंही आवरण त्याच वेळी निघत असतं. एरवी निभावला असता असा ३ पीपीएम त्या घटकेला जीव घेतो. तलावातल्या बऱ्याच कोळंबी एकदमच मोल्ट करतात, म्हणून त्या दोन-तीन रात्री जास्तीचा एरेटर आणि कमी खाद्य. खनिजांचा दोष असूही शकतो, पण आधी तळाचा डीओ बघा, डबा नंतर उघडा.

तळाचा डीओ बरा, तरी मेलेल्या सगळ्या मध्यभागीच सापडतात आणि गाळ उचलला की काळा, सडक्या अंड्याचा वास? तो हायड्रोजन सल्फाइड. गाळात ऑक्सिजन संपला की तो बनतो. गाळ मधून काढायची सोय असेल तर थोडा-थोडा काढा, एकदम ढवळून नव्हे.

आणि सकाळी नऊलाही कोळंबी काठावर मलूल असेल, तळाचा डीओ ५-६ असताना, तर हा लेख बंद करा आणि नमुने प्रयोगशाळेत पाठवा. ऑक्सिजनची कोळंबी उन्हासोबत खाली जाते, रोगाची जात नाही. डीओ सावरूनही शेपट्यांचा पांढरेपणा बऱ्याच जणींचा तसाच राहिला, तरीही हेच करा.

ऑक्सिजनच्या गोळ्या

विचारणारच म्हणून लिहितो. वरच्याच ४,८०० घनमीटरच्या तलावात १ पीपीएम वाढवायला ४.८ किलो ऑक्सिजन लागतो. सोडियम परकार्बोनेटमधून वजनाच्या साधारण १३ टक्के मिळतो. म्हणजे एका पीपीएमसाठी ३७ किलो, आणि तो तासा-दोन तासांत खाल्लाही जातो. वीज गेली, जनरेटर सुरू होईना, कोळंबी एका कोपऱ्यात गोळा झालीय, तर तिथे टाकायला चार-पाच किलो ठेवावेत. याहून जास्त भरवसा त्यावर ठेवू नका. मोलॅसिसबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. अमोनिया उतरवायला ते टाकतात, जिवाणू वाढवतात, आणि वाढलेले जिवाणू काही तासांत ऑक्सिजन ओढतात. टाकायचंच असेल तर भर सकाळी, ऊन आणि एरेटर दोन्ही असताना. संध्याकाळी टाकून झोपलेल्यांनी पहाटेचा दोष कोळंबीला देऊ नये.

माझ्या तलावात शेवटी काय केलं

रात्रीचं शेवटचं खाद्य बंद केलं आणि तो वाटा सकाळी नऊनंतर आणि दुपारी विभागला. सकाळचं खाद्य तळाला ४ आल्याशिवाय नाही. दोन एरेटरची दिशा फिरवली, एक वाढवला. पहिल्या चार दिवसांत एकूण खाद्य वीस टक्क्यांनी घटवलं, तेव्हा जीव कासावीस झाला, पण सकाळचे ट्रे रिकामे यायला लागले आणि मग हळूहळू वाढवत नेलं. तळाचा पहाटेचा आकडा २.१ वरून ३.६ वर आला. त्यापुढे हलेना.

तिथे एरेटर वाढवायला वीजजोडणीचा भार उरला नव्हता, म्हणून अंशतः काढणी केली, साधारण चौथा हिस्सा. काढणीच्या आदल्या संध्याकाळपासून खाद्य बंद. जाळं ओढताना गाळ उठतो आणि त्याने डीओ अजून बसतो, म्हणून पहाटेची वेळ टाळली, दहा वाजता, तळाला ५ आल्यावर सुरुवात केली, एरेटर जाळ्याच्या वाटेतले तेवढे बंद. मऊ कवचाची जास्त दिसली असती तर दोन दिवस पुढे ढकलणार होतो. त्या रात्री दहाला मोजून रेघ ओढली तर पहाटेसाठी ४.२ निघत होता. तरी चारला उठून टॉर्च मारून आलो. काठावर फक्त दोन खेकडे होते.